विश्लेषण : उत्तर आले, तरी गुण का गेले?

आठवीतले घातांक आणि नववीतल्या करणी यापलीकडचे गणित लागत नाही. तरीही ‘दिलेली माहिती पुरेशी आहे का?’ या धाटणीचे प्रश्न स्पर्धा परीक्षांत भल्याभल्यांना चकवतात. आकडेमोड बरोबर असूनही उत्तर चुकते, ते नेमके कशामुळे?

एक साधा प्रश्न पाहू. क्षची किंमत किती? सोबत दोन विधाने दिली आहेत. पहिले : क्षचा वर्ग १६ आहे. दुसरे : क्षचा घन उणे ६४ आहे. क्षची किंमत सांगायची नाही. ती ठरवायला यापैकी कोणते विधान पुरेसे आहे, एवढेच सांगायचे आहे.

पहिले विधान वाचून परीक्षार्थी मनात ‘४’ म्हणतो, दुसरे वाचून ‘उणे ४’ म्हणतो. दोन्हींतून उत्तर निघाले, म्हणून ‘दोहोंपैकी कोणतेही एक विधान पुरेसे’ या पर्यायावर खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. एकाच क्षची किंमत एकदा ४ आणि एकदा उणे ४ कशी आली, ही शंका त्या घाईत येत नाही. बरोबर उत्तर असे आहे : दुसरे विधान एकटे पुरेसे, पहिले अपुरे. वर्ग १६ असलेल्या संख्या दोन आहेत, ४ आणि उणे ४. घन उणे ६४ असलेली वास्तव संख्या मात्र एकच आहे.

असे प्रश्न कोणत्या परीक्षांत येतात?

‘डेटा सफिशिअन्सी’ हा प्रश्नप्रकार ओळखला जातो तो प्रामुख्याने ‘जीमॅट’मुळे. व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी जगभर घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेत तो वर्षानुवर्षे गणिताच्या विभागात होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचे नवे स्वरूप आले आणि हे प्रश्न ‘डेटा इनसाइट्स’ या विभागात गेले. तिथे २० प्रश्नांना ४५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटे.

महाराष्ट्रातील परीक्षार्थींचा या प्रकाराशी संबंध बहुधा ‘सीसॅट’मुळे येतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ पासून हा दुसरा पेपर आहे आणि त्याच्या अभ्यासक्रमात दहावीच्या पातळीचे अंकज्ञान व त्याबरोबर ‘डेटा सफिशिअन्सी’ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. २०१५ पासून हा पेपर केवळ अर्हताकारी झाला. त्यामुळे त्याचे ओझे हलके झाले असे वाटत होते, पण ३३ टक्के म्हणजे ६६ गुण मिळाले नाहीत, तर पहिल्या पेपरात कितीही चांगले गुण असले तरी त्या वर्षीची वाटचाल तिथेच थांबते. बरोबर उत्तराला अडीच गुण आणि चुकीच्या उत्तराला त्याच्या एकतृतीयांश, म्हणजे ०.८३ गुणांची कपात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा पूर्वपरीक्षेतील सीसॅट अर्हताकारी केला आहे. म्हणजे हे प्रश्न कुणाला वरचा क्रमांक मिळवून देत नाहीत, पण उंबरठ्यावर अडवू शकतात.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना आणखी एक अडचण येते. केंद्रीय आयोगाची पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी पाठ्यपुस्तकातला ‘पाया’ हिंदीत ‘आधार’ होतो, मराठीतली ‘मूळ संख्या’ हिंदीत ‘अभाज्य संख्या’ होते. त्यात हिंदीत ‘मूल’ म्हणजे वर्गमूळ-घनमूळातले मूळ. शब्द ओळखीचा वाटतो, पण अर्थ दुसराच निघतो. बीजगणित पक्के असूनही शब्दावर अडखळण्याची ही जागा आहे.

पर्याय कसे वाचायचे?

सीसॅटमध्ये अशा प्रश्नांना साधारण चार पर्याय असतात : दोहोंपैकी एकच विधान एकटे पुरेसे, कोणतेही एक विधान पुरेसे, दोन्ही मिळूनच पुरेशी, दोन्ही मिळूनही अपुरी. जीमॅटमध्ये पाच पर्याय असतात, कारण तिथे पहिल्या प्रकारात ‘नेमके कोणते विधान’ हेही सांगावे लागते.

यात ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ कडक आहे. ज्या माहितीवरून प्रश्नाचे एक आणि एकच उत्तर ठरते, तीच पुरेशी. दोन उत्तरे निघाली, तर माहिती अपुरी. शाळेत मात्र गणिताला उत्तर असतेच, ते शोधायचे, अशी सवय दहा वर्षे अंगी बाणलेली असते. वर्गसमीकरण सोडवून दोन उत्तरे आली, की शिक्षक दोन्ही लिहायला सांगतात आणि पूर्ण गुण देतात. इथे त्याच दोन उत्तरांचा अर्थ ‘या विधानाने काम भागत नाही’ असा होतो.

घातांक आणि मुळांच्या प्रश्नांत हा फरक सर्वाधिक छळतो. बेरीज-वजाबाकीत माहिती हरवत नाही. एखाद्या संख्येत ७ मिळवले, तर ७ वजा करून मूळची संख्या परत मिळते. पण संख्येचा वर्ग केला की तिचे चिन्ह पुसले जाते आणि ते परत आणता येत नाही. चौथा, सहावा असा कोणताही सम घात हेच करतो. विषम घात चिन्ह जपतो. सुरुवातीच्या प्रश्नात वर्ग आणि घन यांची उत्तरे वेगळी निघाली ती यामुळेच.

वर्गमुळाचे चिन्ह एकच उत्तर का देते?

क्षचा वर्ग १६ असेल, तर क्षच्या किमती दोन. पण ‘क्ष = √१६’ असे लिहिले असेल, तर क्ष = ४, फक्त ४. हा भेद अनेक पदवीधरांनाही पटकन पटत नाही. √ हे चिन्ह, ठरलेल्या संकेतानुसार, केवळ धन (किंवा शून्य) वर्गमूळ दाखवते. ‘१६ ची वर्गमुळे कोणती?’ याचे उत्तर दोन संख्या, ‘√१६ किती?’ याचे उत्तर एक संख्या.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितावरील आपल्या ग्रंथात धन संख्येचे मूळ धनही असते आणि ऋणही, असे नोंदवले होते. ऋण संख्येला मूळ नसते, हेही त्यांनी सांगितले. आजचा √ चा संकेत त्याच्या विरोधात नाही. एका चिन्हाला एकच अर्थ असावा, एवढ्या सोयीसाठी दोनपैकी एक मूळ निवडले गेले आहे. ऋण मूळ हवे असेल, तर √ च्या आधी उणे चिन्ह लावावे लागते.

या संकेताचा पुढचा परिणाम अधिक महत्त्वाचा. क्षच्या वर्गाचे वर्गमूळ म्हणजे क्ष नव्हे, तर क्षचे केवल मूल्य. क्ष उणे ३ असेल, तर वर्ग ९ आणि √९ म्हणजे ३. पुढचा प्रश्न यावरच बेतलेला आहे.

प्रश्न : (क्ष − ५) च्या वर्गाचे √ हे ५ − क्ष इतके आहे का?
विधान १ : क्षचा वर्ग २५ पेक्षा लहान आहे.
विधान २ : क्षचा घन २१६ पेक्षा लहान आहे.

विधानांना हात लावण्याआधी प्रश्न सोपा करून घ्यायला हवा. डावी बाजू म्हणजे क्ष आणि ५ यांच्यातले अंतर, जे कधीच ऋण नसते. ते ५ − क्ष इतके असायचे, तर ५ − क्ष शून्य किंवा धन हवे. म्हणजे एवढ्या लांबलचक प्रश्नाचा खरा अर्थ ‘क्ष ५ किंवा ५ पेक्षा लहान आहे का?’ इतकाच.

विधान १ नुसार क्ष उणे ५ आणि ५ यांच्या मध्ये आहे. उत्तर निश्चित ‘हो’. विधान पुरेसे. विधान २ नुसार क्ष ६ पेक्षा लहान आहे. इथे बहुतेकांचा घात होतो. ६ पेक्षा लहान म्हणजे ५, ४, ३... सगळे ५ किंवा त्याखाली, म्हणून हेही पुरेसे, असा निष्कर्ष काढला जातो. पण क्ष पूर्णांक आहे असे कुणी सांगितले? क्ष ५.५ असू शकतो. मग डावी बाजू ०.५ आणि उजवी उणे ०.५, उत्तर ‘नाही’. क्ष शून्य असेल तर उत्तर ‘हो’. दोन्ही शक्यता उरल्या, विधान अपुरे. इथे बीजगणित चुकले नव्हते. प्रश्नात नसलेला एक शब्द मनात वाचला गेला होता.

दोन उत्तरे आली की माहिती अपुरीच का?

नाही, आणि अतिसावध परीक्षार्थी इथेच फसतात. वर्ग दिसला की ‘दोन उत्तरे, अपुरे’ असे ठरवून टाकण्याची सवयही गुण घालवते. समजा, क्षची किंमत विचारली आहे आणि विधान असे आहे : √(क्ष + ६) = क्ष. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, की वर्गसमीकरण मिळते आणि त्याची उत्तरे ३ आणि उणे २. दोन उत्तरे, म्हणून अपुरे? उणे २ मूळ विधानात ठेवून पाहिले, तर डावीकडे √४ म्हणजे २ आणि उजवीकडे उणे २. जुळत नाही. हे उत्तर विधानाचे नव्हतेच. वर्ग करताना चिन्ह पुसले गेले आणि ते मागच्या दाराने आत आले. खरे उत्तर एकच, ३. विधान पुरेसे.

भास्कराचार्यांच्याच ग्रंथात याचे एक सुरेख उदाहरण सापडते. माकडांच्या एका टोळीचा पाचवा भाग घेऊन त्यातून तीन वजा केले आणि जी संख्या आली, तिच्या वर्गाइतकी माकडे गुहेत शिरली. एक माकड फांदीवर दिसते आहे. तर एकूण माकडे किती? समीकरण मांडले, की दोन उत्तरे येतात : ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले, उरले ७, त्याचा वर्ग ४९; फांदीवरचे एक धरून ५०. पाचचा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा करता उणे २, वर्ग ४. फांदीवरचे एक धरून ५. आकडेमोड दोन्हीकडे चोख. पण एका माकडातून तीन माकडे वजा कशी करायची? ऋण संख्येची ही कल्पना लोकांना पटण्यासारखी नाही, म्हणून भास्कराचार्यांनी दुसरे उत्तर बाजूला ठेवले. आजच्या परीक्षेच्या भाषेत, समीकरण एकटे अपुरे, पण प्रश्नातल्या माकडांनी ते पुरेसे केले.

वर्ग असूनही चिन्हाची शंका येऊ नये, असा आणखी एक प्रकार आहे. ‘२ चा (म + २)वा घात वजा २ चा ‘म’वा घात किती?’ असे विचारले आहे. सामाईक अवयव बाहेर काढला, की ही राशी २ च्या ‘म’व्या घाताची तिप्पट होते. म्हणजे २ चा ‘म’वा घात कळला, की काम झाले. आता एक विधान म्हणते, २ चा (२म)वा घात ६४ आहे. हा २ च्या ‘म’व्या घाताचा वर्ग आहे. मग तो घात ८ की उणे ८? २ चा कोणताही वास्तव घात धनच असतो, म्हणून फक्त ८. विधान पुरेसे, राशी २४. दुसरे विधान म्हणते, ‘म’चा वर्ग ९ आहे. इथे ‘म’ ३ असू शकतो किंवा उणे ३. पहिल्या वेळी राशी २४, दुसऱ्या वेळी तीन अष्टमांश. विधान अपुरे. दोन्ही विधानांत वर्गच आहे, पण एकाचा वर्ग अशा राशीचा आहे जी ऋण होऊच शकत नाही, आणि दुसऱ्याचा तसा नाही.

दोन अज्ञातांना दोन समीकरणे लागतातच का?

शाळेत एकसामयिक समीकरणे शिकवताना हा नियम मनावर ठसतो. घातांकांच्या प्रश्नांत तो आंधळेपणाने वापरला तर महागात पडतो.

प्रश्न : ‘म’ आणि ‘प’ हे धन पूर्णांक आहेत. म + प किती?
विधान १ : २ चा ‘म’वा घात गुणिले ३ चा ‘प’वा घात = ७२.
विधान २ : २ चा ‘म’वा घात गुणिले ४ चा ‘प’वा घात = १२८.

दोन अज्ञात, दोन समीकरणे. म्हणून दोन्ही विधाने एकत्र हवीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ७२ चे मूळ अवयव पाडले, तर २ तीन वेळा आणि ३ दोन वेळा येतो, आणि हे अवयव पाडण्याची दुसरी कोणतीही रीत नाही. म्हणून म = ३, प = २, बेरीज ५. एकटे पहिले विधान पुरेसे. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, ही गोष्ट शाळेत गृहीत धरली जाते. तिची पहिली नेमकी मांडणी आणि सिद्धता गाऊसच्या १८०१ सालच्या ग्रंथात मिळते. या प्रश्नात सगळा भार त्याच एका गोष्टीवर आहे.

दुसरे विधान दिसायला अगदी तसेच, पण ४ म्हणजे २ चाच वर्ग. दोन्ही पाये एकाच घराण्यातले. १२८ हा २ चा सातवा घात, म्हणून विधानातून फक्त म + २प = ७ एवढेच मिळते. ‘म’ ५ आणि ‘प’ १, ‘म’ ३ आणि ‘प’ २, ‘म’ १ आणि ‘प’ ३, या तिन्ही जोड्या चालतात. बेरीज ६, ५ किंवा ४. विधान अपुरे.

आता प्रश्नातून ‘धन पूर्णांक’ हे दोन शब्द काढून टाकले तर? ‘म’ आणि ‘प’ कोणत्याही वास्तव संख्या असू शकतील. मग पहिल्या विधानाला अगणित उत्तरे निघतात. उदाहरणार्थ, ‘प’ शून्य घेतला तरी २ चा कोणता तरी घात ७२ येईलच; तो पूर्णांक नसेल, इतकेच. पहिले विधान आता अपुरे, दुसरे आधीपासूनच अपुरे. दोन्ही एकत्र घेतली, तर मात्र एकच जोडी उरते, ३ आणि २. म्हणजे दोन शब्द गाळले आणि बरोबर पर्याय ‘एकच विधान पुरेसे’वरून ‘दोन्ही मिळून’वर गेला. समीकरणांतला एक आकडाही बदललेला नाही.

उणे १, शून्य आणि १ यांच्याजवळ काय घडते?

मोठी संख्या, मोठा घात. ही समजूत १ च्या पुढेच खरी. शून्य ते १ यांच्या मध्ये वर्ग केला की संख्या लहान होते आणि वर्गमूळ काढले की मोठी : ०.२५ चे वर्गमूळ ०.५. म्हणून तुलनेच्या प्रश्नांत संख्यारेषेचे चार पट्टे वेगळे तपासावे लागतात. प्रत्येकातून एक नमुना पुरतो : २, अर्धा, उणे अर्धा, उणे २. शिवाय सीमेवरच्या तीन संख्या : १, ०, उणे १.

‘क्ष हा क्षच्या घनापेक्षा मोठा आहे का?’ हा प्रश्न या नमुन्यांवर लावून पाहू. २ चा घन ८, म्हणून नाही. अर्ध्याचा घन एक अष्टमांश, म्हणून हो. उणे अर्ध्याचा घन उणे एक अष्टमांश, म्हणून नाही. उणे २ चा घन उणे ८, म्हणून पुन्हा हो. सीमेवरच्या तिन्ही संख्या स्वतःच्या घनाइतक्याच आहेत, म्हणून नाही. आता ‘क्षचा वर्ग १ पेक्षा लहान आहे’ हे विधान एकटे घेतले, तर अर्धा आणि उणे अर्धा दोन्ही शिल्लक राहतात. ‘क्ष धन आहे’ हे एकटे घेतले, तर २ आणि अर्धा दोन्ही राहतात. दोन्ही मिळून फक्त शून्य ते १ हा पट्टा उरतो आणि उत्तर ‘हो’. अर्ध्या मिनिटात होणारे हे काम असमानता सोडवत बसल्यास दोन मिनिटे खाते.

एक हा पाया असला की घातांकाला काही अर्थच उरत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे. क्ष आणि ‘य’ पूर्णांक आहेत आणि क्षचा ‘य’वा घात १ आहे. क्ष = १ आहे का? ‘असणारच’ हे पहिले उत्तर चुकीचे. ‘य’ शून्य असेल, तर शून्य सोडून क्ष काहीही असू शकतो, आणि ‘य’ सम असेल तर क्ष उणे १ही असू शकतो. ‘य विषम आहे’ असे सांगितले, की दोन्ही वाटा बंद होतात आणि क्ष १ ठरतो. ‘य धन आहे’ एवढेच सांगितले, तर शून्याची वाट बंद होते, पण उणे १ ची उघडी राहते.

उत्तर ‘नाही’ आले, तर?

हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नांत एक विचित्र चूक वारंवार होते. उत्तर ‘नाही’ आले, की परीक्षार्थी विधान ‘अपुरे’ ठरवतो. वास्तविक ठाम ‘नाही’ हे ठाम ‘हो’ इतकेच पुरेसे असते. अपुरे असते ते ‘कधी हो, कधी नाही’.

‘प’ हा धन पूर्णांक आहे. √प पूर्णांक आहे का? विधान १ : ‘प’ला ७ ने भाग जातो, पण ४९ ने जात नाही. विधान २ : ‘प’च्या एकक स्थानी ३ आहे. पूर्ण वर्ग संख्येत प्रत्येक मूळ अवयव सम वेळा येतो. इथे ७ एकदाच आला आहे, म्हणून ‘प’ पूर्ण वर्ग नाही. उत्तर ठाम ‘नाही’, विधान पुरेसे. पूर्ण वर्गाच्या एकक स्थानी ०, १, ४, ५, ६ किंवा ९ यांपैकीच अंक असतो, ३ कधीच नसतो. पुन्हा ठाम ‘नाही’, विधान पुरेसे. म्हणजे कोणतेही एक विधान चालेल. ६३ ही संख्या दोन्ही विधानांत बसते. पण ती शोधून काढायची इथे गरजच नव्हती.

वेळ कुठे वाचतो?

सीसॅटमध्ये उतारे वाचण्यासह एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळते. जीमॅटच्या ‘डेटा इनसाइट्स’ विभागात पडद्यावर गणकयंत्र उपलब्ध असते, पण वरच्या एकाही प्रश्नात त्याचा उपयोग झाला नसता. वेळ वाचतो तो हिशेब न केल्याने. विधान पुरेसे आहे हे कळले, की किंमत काढायची नाही. विधान अपुरे आहे हे दाखवायला त्यात बसणारी, पण वेगवेगळी उत्तरे देणारी दोन उदाहरणे पुरतात. तिसऱ्याची गरज नाही.

क्रमालाही महत्त्व आहे. पहिल्या विधानाचा विचार संपला, की ते हाताने झाकून दुसऱ्याकडे वळायचे. ‘क्ष धन आहे’ हे पहिल्या विधानात वाचलेले मनात रेंगाळते आणि दुसरे विधान एकटे तपासतानाही नकळत वापरले जाते. हातावरचे घड्याळ पुढे सरकत असताना ही चूक हमखास होते. उलट प्रश्नातच √क्ष लिहिलेले असेल, तर क्ष ऋण नाही ही माहिती आधीच मिळालेली असते, कारण जीमॅटमध्ये सर्व संख्या वास्तव धरल्या जातात. ती दोन्ही विधानांसोबत वापरायची असते आणि तीच नेमकी विसरली जाते.

जीमॅटचे प्रश्न आणखी एक मदत करतात. त्यांतली दोन विधाने परस्परविरोधी नसतात. एका विधानातून ४ आणि दुसऱ्यातून उणे ४ निघाले, तर कुठे तरी एक शक्यता गाळली गेली आहे असे समजून मागे वळावे.

सरावासाठी महागडी पुस्तकेच हवीत असे नाही. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकातले ‘घातांक व घनमूळ’ आणि नववीच्या पुस्तकातले ‘वास्तव संख्या’ ही प्रकरणे पुरेशी आहेत, फक्त ती वेगळ्या पद्धतीने सोडवावी लागतील. एखादे उदाहरण घ्यावे आणि त्यातली ‘क्ष धन आहे’, ‘पूर्णांक आहे’ किंवा ‘शून्य नाही’ अशी एक अट खोडून टाकावी. मग पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर अजून एकमेव राहते का, ते तपासावे.